चक्रवाक येण्याआधी

वाऱ्यात आभाळाला दूध अर्पण करायचं तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास चुकतं आणि अर्धी पळी स्वतःच्याच तोंडावर घेतं. उंद्राल लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिचंही तेच झालं. भुवयांवरून दूध ओघळत होतं आणि ती हसत होती. माझा धाकटा भाऊ, तिचा नवरा गाल्सान, म्हणाला, "ताई, तुझ्या देवांनी हिला न्हाऊ घातलं बघ. आता अंघोळीचा त्रास वाचला."

त्या हसण्याची मला मागच्या वसंतात फार आठवण यायची. कारण उंद्राल तेव्हा हसतही नव्हती आणि रडतही नव्हती.

माझा नेम साधा आहे. उठल्यावर तारादेवीचं स्तोत्र म्हणायचं. चहा उकळला की त्याचा पहिला घोट कोणी घ्यायच्या आत नऊ खाचांच्या लाकडी पळीतून दूध चारी दिशांना उडवायचं. मग शेगडीला, मग माणसांना. नवरा गेला तेव्हा मी भावाच्या शेजारी माझा तंबू लावला. तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही. गाल्सान-उंद्रालची जी पोर गेली तिच्यासाठीही मी रोज एक पळी पश्चिमेला उडवते, तळ्याच्या दिशेला. तिचं नाव इथे घेत नाही. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. हाक मारली की ते थांबतं आणि मागे वळून बघतं, असं आम्ही मानतो. म्हणून आमची धाकटी, एवढंच.

आमच्याकडे वसंत म्हणजे फुलं नव्हेत. आमचा वसंत म्हणजे वारा. हिवाळ्यातून हाडं घेऊन उरलेली मेंढरं, त्यांची लटपटणारी कोकरं, दातांत कचकचणारी धूळ. गवत अजून वर आलेलं नसतं. ऋतू पालटला हे सांगायला फक्त पाखरं असतात. आधी चंडोल. मग टिटव्या. तळ्याचं बर्फ काठाकाठाने सुटायला लागलं की चक्रवाकांची जोडी. त्यांच्यामागून करकोचे, आणि गवत हिरवं झालं की सगळ्यात शेवटी कोकिळा.

यातले चक्रवाक आमच्या घराचे. लामांच्या वस्त्रांचा जो रंग, तोच त्यांचा. म्हणून त्यांना कोणी दगडसुद्धा मारत नाही. ताज्या चिकाचा पिवळा रंगही आम्ही चक्रवाकाचाच म्हणतो. माझ्या आईपासूनची रीत आहे की ज्याला वर्षाची पहिली जोडी दिसेल त्याने धावत घरी यायचं आणि व्यायलेल्या पहिल्या गाईच्या खरवसाची भरलेली वाटी त्याला मिळायची. मोठ्यांना खरवसाचं काय! पण आमची धाकटी त्या वाटीसाठी गोवऱ्यांच्या ढिगावर चढून पहाटेपासून उभी राहायची. खाली उतर म्हटलं तर म्हणायची, "आत्या, तू आधी बघशील म्हणून मला उतरवतेस ना?"

मागच्या वसंताच्या आदल्या वर्षी ती ढिगावर थांबली नाही. टेकाड ओलांडून तळ्याकडे गेली. दुपारी पिवळा वारा उठला. त्या वाऱ्यात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती सापडली. तळ्याकाठच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला बसलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

तिला निरोप द्यायच्या आधी उंद्रालने शेगडीवरच्या पातेल्याच्या बुडाची काजळी अंगठ्यावर घेतली, लोण्यात कालवली आणि तिच्या डाव्या खांद्यामागे टेकवली. परत येणारं मूल ओळखू यावं म्हणून आमच्याकडे अशी खूण करतात. नव्या जन्मात त्याच जागी काळा तीळ उमटतो, असं मानतात. लामांनी पोथी उघडून पाहिलं आणि म्हणाले, वसंतात येईल, पाखरांबरोबर.

त्या दिवसापासून उंद्राल एकदाही रडली नाही. गेलेल्यासाठी रडू नये. आपल्या अश्रूंची नदी होते आणि त्याला ती ओलांडता येत नाही. तिने डोळे कोरडे ठेवले. थंडी पडायच्या आधीच कळलं की ती पोटुशी आहे. मग ती पोटावर हात ठेवून बोलायची, "ये हं. तुझे चक्रवाक आले की ये." मी कधी अडवलं नाही. आशेला कोणी कसं अडवावं? पण मला भीती वाटायची.

मूल आलं, पण चक्रवाक आले नव्हते. उत्तरेचा वारा पडतच नव्हता. तळं काठापर्यंत पांढरं होतं. तालुक्याच्या दवाखान्याकडे जायचं ठरलेलं होतं, पण धुळीत रस्ताच नाहीसा झाला आणि सकाळी सकाळी माझ्याच हातात ती पोर आली. मुलगी.

"ताई, पक्षी आले?" उंद्रालने पहिलं हेच विचारलं.

"येतील गं. तू आधी पाणी पी."

"मग ही आधी कशी आली?" ती कोपरावर उठायला लागली. "खांदा बघा ना. डावा."

मी पोरीला तंबूच्या माथ्यावरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पालथं केलं. लोण्यासारखी नितळ पाठ. डावा खांदा पाहिला, उजवा पाहिला, मानेखालची वळीसुद्धा उघडून पाहिली. काही नव्हतं. माझ्या जिभेवर नाही हा शब्द आला होता. तेवढ्यात दाराशी उभा असलेला गाल्सान म्हणाला, "आहे."

उंद्राल त्याच्याकडे बघत राहिली.

"आहे," तो परत म्हणाला. "इथून दिसतंय मला. बारीक आहे. तू पड बघू आता."

आणि उंद्राल हसली. वर्षभराने हसली. पोरीला तिच्या छातीशी दिलं, तर तिने दोन्ही हातांनी ओढूनच घेतलं. थकव्याने तिचा तिथेच डोळा लागला.

मी भावाला बाहेर काढलं. वाऱ्यात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि मला ओरडता येत नाही, म्हणून त्याच्या कानाशी गेले.

"हे काय केलंस?"

"तिचं तोंड बघितलंस ना ताई? नाही म्हणालो असतो तर पोरीला हातात घेतलं नसतं तिने."

"उठल्यावर स्वतः बघेल की."

"बघू दे." त्याने अंगठा पुढे केला. अंगठ्यावर काजळी होती. पातेल्याच्या बुडाचीच, लोण्यात कालवलेली. उंद्रालचा डोळा लागला आणि माझी पाठ वळली, तेवढ्यात त्याने ती पोरीच्या खांद्याला टेकवलीही होती.

"अरे, पुसलं जाईल ते!"

"लोणी जास्त घातलंय."

"आणि तिसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायचं, तेव्हा?"

"तोपर्यंत दूध तर येईल ना!" तो म्हणाला. "एकदा अंगावर पाजलं की आई सोडत नाही. मेंढरं आयुष्यभर बघतोय मी."

"बायको मेंढी नाही तुझी. न्हाण्याच्या आधी तिला सांग, तूच. माझ्या तोंडून नको."

"सांगतो," तो म्हणाला.

मला वाटतं त्याला खरंच सांगायचं होतं. पण त्याच दिवशी वाऱ्याने त्याच्या घोड्या पांगल्या आणि तो त्यांच्यामागे गेला. अशा दिवसांत घोड्या वाऱ्याच्या पाठीवर बसून जातात, लवकर सापडत नाहीत.

ते दिवस उंद्रालचे होते. पोरीला पाजताना ती तिच्याशी इतकं बोलायची की मला तंबूबाहेर ऐकू यायचं. "तुझी ती लाल टोपी ठेवलीय हं मी. आणि तुझं ते लंगडं कोकरू आता मोठं झालंय, त्याला ओळखशील का?" शेजारचे चोइजिल काका चहाला आले. म्हातारा माझ्या नेमधर्माची थट्टा केल्याशिवाय एक घोट घेत नाही. म्हणाले, "यांज्मा, आभाळाला सायीचं दूध आणि मला हे पांढरं पाणी! मेल्यावर तरी नीट चहा देशील का?"

"तेव्हा पळीने उडवीन काका, वाऱ्याकडे तोंड करून."

ते हसले. मग उंद्रालच्या बडबडीकडे कान देऊन बसले. जाताना हळूच म्हणाले, "खूण मी पाहिली. फारच काळी आहे गं."

न्हाण्याच्या दिवशी मी पाणी तापवलं, त्यात कोरा चहा आणि चिमूटभर मीठ घातलं. गाल्सान परतला नव्हता. हे न्हाणं ज्या बाईने बाळंतपण केलं तिचं काम असतं. मी म्हटलं, "आण तिला इकडे. तू पडून राहा."

"आज मी घालते ताई. माझी पोर परत आलीय, तिला मीच न्हाऊ घालणार."

"उंद्राल, थांब. गाल्सान येऊ दे. त्याला तुझ्याशी बोलायचंय."

"त्याला काय बोलायचंय? घोड्यांचं बोलेल!" तिने पोरीला कोपरावर घेतलं. आता मात्र मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "उंद्राल, ती खूण..."

पण तोवर तिचा ओला फडका पोरीच्या पाठीवरून फिरला होता.

फडक्यावर काळा ओघळ उतरला. तिने फडका उलटा केला आणि परत फिरवला. तिसऱ्यांदा जरा जोरात. पोर रडायला लागली. खांदा लाल झाला आणि त्या लालीखाली काहीही नव्हतं.

तिने हात थांबवला. फडक्याकडे बघितलं, मग शेगडीवरच्या पातेल्याच्या बुडाकडे. पोरीला कोरडं केलं, कोकराच्या कातड्यात नीट गुंडाळलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या ताई. ही कोणाची आहे कोण जाणे."

"तुझी आहे गं."

"माझी यायची आहे अजून. अजून पक्षी आलेले नाहीत."

त्यानंतर तिने पोरीला घेतलं नाही. वाईट वागली असं मी म्हणणार नाही. दुपटी वाळत घालायची, शेगडीत गोवऱ्या घालायची. पण पोर रडली की तिची नजर त्या आवाजावरून अशी सरकायची, जणू शेजारच्या तंबूत कोणी रडतंय. मी शेळीचं दूध पाणी घालून बोळ्याने पाजत होते. पोर थोडं प्यायची, थोडं ओकायची. दिवसागणिक तिचं रडणं बारीक होत गेलं. पहिल्यापहिल्यांदा मोठ्याने रडायची, ते बरं होतं.

उंद्रालची छाती दगडासारखी झाली होती. ती डगल्याच्या आत कापड घट्ट बांधून फिरायची. सारखी बाहेर जाऊन पश्चिमेकडे बघत उभी राहायची. टिटव्या आल्या. रानबदकांचा थवा उंचावरून उत्तरेला गेला. एकदा करकोचेसुद्धा आले, चक्रवाकांच्या आधी. असं कधी होत नाही. ते धुळीतून रडल्यासारखा आवाज करत गेले. तिने मान वर करून सगळे नीट पाहिले. मग म्हणाली, "हे नव्हेत."

गाल्सान परत आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? तू चांगलं करायला गेलास," ती म्हणाली. "चहा घे."

यापेक्षा तिने त्याला मारलं असतं तर त्याला सोसलं असतं. तो मेंढरांत जाऊन बसला तो बसलाच. त्या दिवशी एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि एका कोकराची आई. ते पोरकं कोकरू त्या मेंढीला लावायचं होतं, पण ती लावून घेत नव्हती. हुंगायची आणि ढुशी मारायची. परत हुंगायची, परत ढुशी. कोकरू धुळीत कोलमडायचं.

अशा वेळी मेंढीला गाऊन समजवावं लागतं. शब्द नसतात, फक्त तोइग, तोइग अशी लांबवलेली विनवणी असते. कान टवकारून मेंढी ऐकत राहते आणि कधीतरी तिचा ताठा मोडतो. आमच्या साऱ्या माळावर उंद्रालसारखं कोणी गात नाही. लांबच्या तंबूंतून तिला न्यायला यायचे. पण पोर गेल्यापासून तिने गायलं नव्हतं.

आधी चोइजिल काका बसले. त्यांनी दोनदा तोइग म्हटलं आणि मेंढी दोर तोडून पळाली.

"काका, तुमचा आवाज लांडग्यांसाठी राखून ठेवा," गाल्सान म्हणाला.

"तरुणपणी या आवाजावर पोरी भाळायच्या!"

"पळायच्या म्हणत असाल."

गाल्सानने मेंढी धरून आणली. मग उंद्रालकडे न बघताच, जमिनीकडे बघून म्हणाला, "पोरकं आहे ते. संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी गा."

उंद्रालने हातातल्या गोवऱ्या खाली ठेवल्या. मग वाऱ्याकडे पाठ करून मेंढीजवळ बसली. एक हात मेंढीच्या पाठीवर, एक कोकराच्या डोक्यावर. तिने सुरू केलं. सुरुवातीला आवाज फाटका होता, वर्षभर न वापरलेला. मेंढीने ढुशी मारली. उंद्राल थांबली नाही. तोइग, तोइग... हळूहळू तो आवाज भरत गेला. मी तंबूच्या दाराशी पोरीला घेऊन उभी होते. पोरीनेही रडणं थांबवलं.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मेंढीचे कान खाली आले. तिने कोकराला हुंगलं आणि या वेळी चाटलं. कोकरू आचळाखाली घुसलं आणि त्याचं शेपूट थरथरायला लागलं.

उंद्राल तरीही गातच होती. तिच्या डगल्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पडले होते आणि ते पसरत होते. आतलं कापड भिजून दूध बाहेर आलं होतं. तिने खाली बघितलं. गाणं तसंच तुटलं आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी माणसाचा कधी ऐकलेला नाही. वर्षभराचं सगळं बाहेर पडत होतं.

काका पुढे झाले. "रडू नको पोरी. तिची वाट अडेल."

"अडू दे!" उंद्राल ओरडली. "अडू दे तिची वाट! थांबू दे तिला!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हटलं, रडू द्या. मी आयुष्यभर सगळे नियम पाळले आहेत. पण त्या वेळी मला वाटलं, आमची धाकटी एव्हाना त्या नदीच्या फार पलीकडे गेली असेल, तिथवर हे पाणी पोचत नसेल. तारादेवी मला क्षमा करो.

मग मी जाऊन पोर तिच्या मांडीवर ठेवली. उंद्रालने तिला बघितलं नाही. पण हात आपणच हलले, डगल्याची गुंडी सुटली आणि पोरीने शोधून घेतलं. गाल्सानने मध्ये उभं राहून वारा अडवला. पोर घटाघटा पीत होती. तिचं एवढंसं डोकं उंद्रालच्या अश्रूंनी भिजत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळी घेऊन बाहेर आले, तर उंद्राल गोवऱ्यांच्या ढिगाशी उभी होती. पोर तिच्या डगल्यात होती, फक्त टोपी दिसत होती. लाल टोपी नव्हे, माझी विणलेली राखाडी. वारा पडला होता. मी चारी दिशांना दूध उडवलं आणि शेवटची पळी पश्चिमेला. ती पळी उडाली तेव्हाच टेकाडापलीकडून हाक आली. सानुनासिक, लांबट. चक्रवाकांची.

दोघंच होते. उन्हं नुकतीच येत होती, त्यात त्यांची पोटं विझत्या निखाऱ्यासारखी लाल-पिवळी दिसत होती. आमच्या डोक्यावरून गेले, तळ्यावर एक फेरी मारली आणि काठाच्या उघड्या पाण्यात उतरले.

उंद्रालने त्यांना येताना पाहिलं होतं, पण आता ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ते जिथून आले होते तिथे बघत होती, टेकाडावरच्या मोकळ्या आभाळात. सूर्य पुरता वर आला तरी बघत होती.

"ताई, मागून कोणी आलं नाही."

"नाही गं."

"ही ती नाही."

"नाही."

"मग ती आता कोणाकडे असेल? त्या घरी तिला कोणी ढिगावर चढू देत असेल का?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डगल्यात पोर चुळबुळली, तशी उंद्रालने तिला नीट उचलून दुसऱ्या कुशीवर घेतलं. पुढे त्या पोरीचं नाव निनावी ठेवलं. मूल गेलेल्या घरात दुसऱ्याला असंच नाव देतात, म्हणजे कोणाची नजर पडत नाही.

जोडी तिने माझ्या आधी पाहिली होती, म्हणून रीतीप्रमाणे मी खरवसाची वाटी तिच्यासमोर ठेवली. तिने करंगळीच्या टोकाने कणभर घेऊन पोरीच्या ओठांना लावलं. पोरीने तोंड वाकडं केलं. उरलेली वाटी तिने तशीच उचलली आणि बाहेर नेऊन गोवऱ्यांच्या ढिगावर, अगदी वर, ठेवून आली.

दुपारी वारा पुन्हा सुटला. संध्याकाळी मी वाटी आणायला गेले तर खरवसावर धुळीचा पिवळा थर बसला होता. मी हात पुढे केला, तेवढ्यात तंबूतून उंद्रालचा आवाज आला. पोरीला पाजता पाजता बोलत होती, म्हणून हळू होता.

"राहू दे आज, ताई. मी उद्या धुवीन."